रंध्याची मूठ आपल्या हाताच्या मापाने घरीच कशी बनवायची

लोखंडी रंधा घेताना आपण पातं बघतो, तळाला पट्टी लावून उजेडात धरून बघतो, तोंडाची फट बघतो, आणि मूठ मात्र जी येईल ती घेतो. मी पण तसाच घेतला होता, पाच नंबर, १४ इंची. पहिल्यांदा सलग काम लागलं ते सोलापुरात होटगी रोडच्या एका घराच्या सागवानी चौकटींचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत अंगठा आणि पहिल्या बोटामधल्या बेचकीत फोड आला आणि करंगळीच्या खालचा तळहात बधिर झाला. रंध्यात काही खोट नव्हती, पातं मस्त चालत होतं. त्रास सगळा मुठीचा होता, प्लास्टिकची मूठ, साच्याची जोडरेघ बरोबर पाठीवरून खाली आलेली, बाजू सपाट, कडा नुसत्या नावाला मोडलेल्या.

तेव्हापासून मी स्वतःच्या आणि ओळखीच्या मिस्त्रींच्या मिळून बऱ्याच मुठी बनवल्या, त्यातून जे कळलं ते सगळं इथं लिहितो. एक सुट्टीचा दिवस आणि तेल सुकायला आठवडा एवढंच लागतं.

आधी एक स्वस्तातला उपाय करून बघा. प्लास्टिकची मूठ असेल तर ती जोडरेघ ब्लेडने खरवडून काढा आणि वरून १८० नंबरचा पॉलिश पेपर मारा. लाकडी असेल आणि वर जाड चकचकीत वॉर्निश असेल तर ते खरवडून टाका, घामाने हात घसरतो तो त्या वॉर्निशवर, आणि घसरू नये म्हणून आपण जास्त दाबून धरतो, मग फोड येतो. मूठ हलत असेल तर नट घट्ट करून बघा, ढिल्या मुठीने पण हात सोलतो. काहीजण सायकलची ट्यूब गुंडाळतात, मी पण गुंडाळली होती, चार दिवस बरं वाटतं पण उन्हाळ्यात आत घाम साठून चिकट होतं. एवढं करूनही दुखत असेल तर नवीन मूठ बनवा.

हात नेमका कुठं दुखतो ते आधी बघा

आज आपल्याकडं मिळणारे बहुतेक लोखंडी रंधे एकाच धाटणीचे आहेत. अमेरिकेतल्या लिओनार्ड बेली नावाच्या माणसाने १८६० च्या दशकात ही रचना केली, १८६९ मध्ये स्टॅन्ली कंपनीने ती घेतली, आणि नंतर जगभर तिच्याच नकला झाल्या. त्या मुठीत एक गोष्ट ठरलेली आहे, ती तीन बोटांसाठी आहे. मधलं बोट, अनामिका आणि करंगळी मुठीभोवती, पहिलं बोट सरळ पुढे पात्याच्या कडेला टेकवलेलं, आणि अंगठा पलीकडून. चारही बोटं कोंबली तर कुठलीच मूठ आरामाची वाटणार नाही, कारण तेवढी जागाच ठेवलेली नसते. मी बघितलेल्या मिस्त्रींपैकी निम्मे तरी चार बोटांनी धरतात आणि मुठीला शिव्या देतात. म्हणून आधी तीन बोटांनी दोन दिवस काम करून बघा.

मग जागा ओळखा. बेचकीत फोड येत असेल तर वरून मागे निघालेली चोच आहे ना, तिच्या खालची गोलाई तुमच्या बेचकीपेक्षा लहान किंवा धारदार आहे. करंगळीखाली बधिर होत असेल तर खालचा फुगवटा चुकीच्या जागी आहे. बोटांची पेरं दुखत असतील तर मूठ बारीक आहे, बोटं पूर्ण वळून नखं तळहातात रुततात. आणि मधल्या बोटाचं हाड पुढच्या लोखंडावर आपटत असेल, चार नंबरच्या छोट्या रंध्यात हे लई होतं, तर मुठीची पुढची कड थोडी मागे घ्यायला पाहिजे.

सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या घरी हातमाग होता, वडील विणायचे. धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारं लाकूड, पळवायची जी दोरी असते तिच्या टोकाला छोटी लाकडी मूठ, ती मी अजून ठेवली आहे. नवीन असताना ती साधी गोल दांडी होती म्हणे. वर्षानुवर्षं ओढून ओढून तिच्यावर बोटांचे तीन खळगे पडलेत, एका बाजूला अंगठ्याचा चपटा भाग झालाय, आणि आता ती डोळे मिटून धरली तरी एकाच पद्धतीने हातात बसते. हाताला जे पाहिजे ते त्या लाकडावर लिहिलेलं आहे. मूठ बनवताना मी ती समोर ठेवतो. जुन्या मुठीवरून घ्यायचं ते फक्त भोक आणि बूड, बाकी सगळा आकार आपल्या हातावरून घ्यायचा.

लाकूड

सोलापूरकडं त्यासाठी लांब जायला नको, बाभळीचं जून लाकूड घ्या. बैलगाड्या, औतं, कुऱ्हाडीचे दांडे सगळे बाभळीचे का करायचे तर ते चिवट आहे, झटका सोसतं. वखारीतल्या मामांनी मला पहिल्या वेळी शिसवाचा तुकडा दाखवला आणि मग स्वतःच म्हणाले, "मुठीला पायजे ना, मग बाभळीचं घे की, पडलं तरी फुटायचं नाही." शिसव दिसायला देखणं, वजनदार, पॉलिश सुंदर घेतं, जुन्या स्टॅन्लीच्या मुठी पण ब्राझीलच्या शिसवासारख्याच लाकडाच्या असायच्या, पण त्याचा भुसा काहींना बाधतो, नाक चुरचुरतं, अंगाला खाज येते, तर मास्क लावा. चिंच फार कठीण, कानस मारून हात जातो. सागवान चालतं, पण चोच पातळ ठेवली तर तिथून तुकडा उडतो.

बाभळीत बाहेरचं पांढरं लाकूड घेऊ नका, त्याला किडा लागतो. तांबूस गाभा घ्या, गाठ नको, चीर नको. आणि वाळलेलं पाहिजे, हे सगळ्यात महत्त्वाचं. इंचभर जाडीला साधारण एक वर्ष सावलीत, असा जुना हिशोब आहे. ओल्या लाकडाची मूठ आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये हमखास तडकते. जुन्या चौकटीचा, मोडक्या पलंगाचा तुकडा मिळाला तर सगळ्यात बरं, तो आधीच वाळलेला असतो, फक्त खिळे चुकवा.

ठोकळा ६ इंच लांब, साडेपाच इंच उंच आणि सव्वा इंच जाड घ्या. लाकडाचे रेषे लांबीच्या बाजूने पाहिजेत, म्हणजे मूठ बसवल्यावर रंध्याच्या तळाला समांतर. रेषे उभे ठेवले तर वरची चोच पहिल्याच पडण्यात तुटते.

साचा

मुठीतून आरपार जाऊन तिला रंध्याला धरून ठेवणारी सळई लोखंडात घट्ट बसवा, मूठ नसलेली, नुसती सळई. ती सरळ उभी नसते, पुढे झुकलेली असते. बेव्हल गेजचं (कोन उतरवायचा हलता गुण्या) एक पातं तळावर आणि एक सळईला लावून तो कोन घ्या आणि थेट कागदावर उतरवा. जुनी मूठ हरवली असली तरी या पद्धतीने काम होतं. मूठ असेल तर ती आडवी ठेवून पेन्सिल उभी धरून भोवती रेघ मारा, तुटलेली असेल तर आधी फेविकॉलने जोडून. झेरॉक्सच्या काचेवर ठेवून कॉपी काढली तरी चालते.

आता त्या आकारावर आपल्या हाताचं माप घाला. तीन बोटं जोडून तळहाताजवळच्या पेरांवर रुंदी मोजा, माझी ६८ मिमी आहे. पुढच्या बाजूला बोटं बसायची जी जागा आहे ती यापेक्षा ४-५ मिमी जास्त ठेवा, म्हणजे माझी ७३. कंपनीच्या मुठीत मला ही ६४ च मिळाली होती, करंगळी खालच्या फुगवट्यावर चढत होती, बधिरपणाचं कारण तिथं सापडलं. बेचकीसाठी एक सोपी युक्ती, पाण्याची बाटली, पाईपचा तुकडा, झाकण असं जे गोल हाताशी असेल ते बेचकीत धरून बघा, जे सगळीकडून टेकेल त्याची गोलाई चोचीखाली काढा.

साचा जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यावर कापा, सळईच्या शेजारी उभा धरा आणि पातं बसवून बघा. चोच पात्याच्या मागच्या टोकाला लागत नाही ना, पातं खाली-वर करायचं पितळी चाक फिरवायला बोट जातं ना, मधल्या बोटाच्या पुढे निदान २ सूत (पाव इंच) मोकळं आहे ना. पुठ्ठा कापणं फुकट आहे, मी तीन साचे फाडून चौथा पक्का करतो.

भोक आधी, आकार नंतर

इथं बहुतेकांची मूठ वाया जाते, म्हणून हे सावकाश वाचा. आकार कापल्यावर भोक पाडायला गेलात तर वाकड्या लाकडाला धरायलाच जागा नसते आणि ड्रिल कुठंतरी बाहेर निघतो. ठोकळा चौकोनी असतानाच भोक पाडायचं.

साचा ठोकळ्यावर ठेवून आकार आखा. भोकाची मधली रेघ वर आणि खाली पूर्ण ठोकळ्याच्या कडेपर्यंत न्या. मग गुण्या त्या रेघेला लावून ठोकळ्याची वरची आणि खालची बाजू त्या रेघेच्या काटकोनात कापा. खाली बुडाची रेघ तिरकी राहते, ती अजून कापायची नाही, तिथं जास्तीचं लाकूड राहू द्या. एवढं केलं की ठोकळा त्या कापलेल्या बाजूवर उभा राहतो आणि तिरकं भोक सरळ खाली पाडायचं काम होऊन बसतं. वर-खाली दोन्हीकडं जाडीचा मध्य नीट काढून टोच्याने खूण करा.

क्रम असा ठेवा. आधी खालून मोठं भोक, कारण रंध्याच्या लोखंडावर सळईभोवती एक उंचवटा असतो, तो आत बसायला जागा लागते, उंचवट्याचं माप व्हर्निअरने घ्या आणि खोली बुडाच्या रेघेपासून मोजा, ठोकळ्याच्या कडेपासून मोजलीत तर बूड कापल्यावर भोक उथळ निघेल. मग वरून नटाच्या डोक्याचं मोठं भोक, आणि शेवटी मधलं आरपार. बारीक भोक आधी पाडलं तर मोठ्या भोकाच्या चपट्या फ्लॅट बिटच्या टोकाला धरायला लाकूडच उरत नाही आणि बिट नाचतो. सळई ७ मिमीची असेल तर आरपार भोक ८ मिमीचं करा, अर्धा वरून अर्धा खालून, मध्ये केसभर चुकलं तरी ते एक मिमी सांभाळून घेतं. दर अर्ध्या इंचाला बिट बाहेर काढून भुसा झटका, बाभळीत बिट पटकन तापतो आणि लाकूड आतून करपतं.

पाच नंबर आणि त्यापेक्षा मोठ्या रंध्यात मुठीच्या पुढच्या पायाला अजून एक छोटा स्क्रू असतो, त्याचं भोक आत्ता पाडू नका, मूठ बसवून झाल्यावर खूण करून पाडा.

मग बूड कापा. करवतीने रेघेच्या जरा बाहेरून, आणि सपाट फळीवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर घासून रेघेपर्यंत. रंध्यावर बसवून उजेडाकडं धरा, बुडाखालून उजेड दिसला तर अजून घासा. लोखंडावरचा रंग कुठंकुठं गोळा झालेला असतो, तो पण खरवडा.

कापणं आणि कोरणं

कोपिंग सॉने, म्हणजे वळणं कापायच्या बारीक पात्याच्या करवतीने, बाहेरचा आकार कापा. आतल्या बाकांना आधी आडवे चार-पाच काप देऊन ठेवा, म्हणजे तुकडे सुटत जातात आणि पातं अडकत नाही. जिगसॉ वापरत असाल तर सांभाळून, जाड बाभळीत त्याचं पातं वाकतं, वरून बरोबर दिसतं आणि खालून २ सूत आत गेलेलं असतं. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये बँड सॉ असेल तर सरळ तिकडं जा, पाच मिनिटांचं काम.

कापून झाल्यावर भोवतीच्या कडेवर मधोमध पेन्सिलने रेघ फिरवा, ही शेवटपर्यंत पुसायची नाही. तिच्या दोन्ही बाजूंना ५-५ मिमी सोडून अजून दोन रेघा. सपाट बाजूंवर कडेपासून ८ मिमीवर एक रेघ. आता या रेघांमधला कोपरा लाकडाच्या दातेरी कानशीने तिरका उडवायचा, चारही कडांचा. मूठ अठपैलू दिसायला लागेल. मग प्रत्येक नवा कोपरा परत मोडायचा, आणि मग गोल करायचं. आधीच गोल करायला घेतलं तर एक बाजू जाड एक बारीक होते आणि नंतर ती सुधारत नाही. बुडाजवळचे ६ मिमी आणि नटाभोवतीची जागा मात्र गोल करू नका, तिथं पूर्ण लाकूड पाहिजे, नटाच्या भोकाभोवती निदान २ सूत तरी.

कानस नेहमी उंचावरून खळग्याकडं चालवा, दोन्ही बाजूंनी येऊन मध्ये थांबा. चोचीच्या टोकाशी बाहेरून आत, नाहीतर टोकाचा कपचा निघतो. भोकात एक खिळा किंवा गोल लाकडी दांडी घालून वाइसमध्ये तोच धरला तर मूठ न दबता सगळीकडून फिरवता येते.

काटछेद पूर्ण गोल ठेवू नका, अंडाकृती ठेवा, पुढून मागे जास्त आणि आडवा कमी. गोल मूठ हातात फिरते, रंधा तिरका होतोय ते कळत नाही. माझ्या हाताला पोटाशी २९ मिमी आणि चोचीखाली मानेशी २५ मिमी जाडी जमली. ज्यांचे हात लहान त्यांना २५ आणि २२ पुरतं.

आता खडूची परीक्षा. शाळेतला साधा खडू तळहातावर आणि बोटांवर चोळा, मूठ रंध्यावर बसवा, टाकाऊ फळीवर खरोखर दहा-बारा वेळा रंधा मारा, ढलपी निघाली पाहिजे, नुसतं हवेत धरून उपयोग नाही. मग मूठ बघा. मी पहिल्या मुठीला हे केलं तेव्हा बेचकीच्या जागी उजव्या बाजूला बोटाएवढा दाट पांढरा पट्टा होता आणि डावीकडं लाकूड कोरंच होतं, म्हणजे सगळा जोर एका काठावर येत होता. तो पट्टा पेन्सिलने गिरवला, बारीक कानशीने फक्त तेवढाच चार हात घासला, पुसलं, परत खडू. पाचव्या वेळी पांढरा रंग सगळीकडं सारखा पातळ पसरला, आणि ते बघून जो आनंद झाला तो सांगता येत नाही. दाट दिसेल तिथं घासायचं, कोरं राहील तिथं हात लावायचा नाही.

दोन्ही बाजू सारख्याच ठेवा असं माझं मत आहे. एका हातापुरता फुगवटा काढला तर लई छान बसतो खरा, पण चौकटीच्या कोपऱ्यात कधी डाव्या हाताने मारावं लागतं तेव्हा तोच फुगवटा टोचतो.

पॉलिश

८० नंबरने कानशीच्या खुणा काढा, मग १२०, १८०, २२०. मग ओल्या फडक्याने मूठ पुसा आणि वाळू द्या, रेषे उभे राहतात, हाताला खरखर लागते. ३२० ने हलकं मारा. हे दोनदा करा. आत्ता नाही केलं तर तुमचा घाम तेच काम पहिल्या आठवड्यात करणार.

वर जाड थर देणारं काही लावू नका. जवसाचं उकळलेलं तेल रंगाच्या दुकानात मिळतं, पहिल्या हाताला अर्धं तेल अर्धं टर्पेंटाईन, भरपूर चोळा, भोकाच्या आतसुद्धा, आणि पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं सगळं कोरड्या फडक्याने पुसून काढा. पुसायचं राहिलं तर चिकट थर बसतो. दुसऱ्या दिवशी नुसतं तेल, असे तीन-चार हात. तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते सुकताना आपोआप तापतं आणि पेट घेऊ शकतं, भुशाच्या जागेत तर अजिबात नको. अंगणात उघडं पसरून वाळवा, किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

बसवणं

नट हाताने फिरवून टेकला की स्क्रू ड्रायव्हरने पाव फेरा, बस. जोर लावून आवळलं तर मूठ फाटते. नट पूर्ण गेला तरी मूठ हलत असेल तर सळई लांब पडतेय, नट लाकडाला टेकायच्या आधीच सळईच्या टोकावर अडकतोय. नटाखाली एक वॉशर घाला, नाहीतर सळईचं टोक कानशीने २-३ मिमी कमी करा आणि आट्यांवर राहिलेली लोखंडाची खरखर काढा.

हे पहिल्या उन्हाळ्यात होणारच आहे, तयारी ठेवा. जानेवारीत, आमच्याकडच्या गड्डा जत्रेच्या दिवसांत घट्ट बसवलेली मूठ मे महिन्यात हलायला लागते, कारण लाकूड आकसतं आणि सळई तेवढीच राहते. तेव्हा पाव फेरा आवळा, आणि मृगाचा पाऊस सुरू झाला की आठवणीने तेवढाच परत सोडा, फुगलेलं लाकूड आवळलेल्या नटाखाली चिरतं. माझ्याकडं पाच नंबरच्या मुठीवर चोचीखाली केसाएवढी चीर आहे ती याच विसरभोळेपणाची, पहिल्या पावसात पडलेली, तिच्यात पातळ सुपरग्लू सोडलाय आणि मूठ अजून रोज कामात आहे.